ग्रांट फेब्रुवारीत येते, यादी दिवाळीआधी हवी

पत्र:

काका, सा. न.

वडोदऱ्याच्या वाडी भागातल्या एका म्युनिसिपल मराठी प्राथमिक शाळेत मी शिक्षिका आहे. पहिली ते पाचवी, पट ९४. जूनमध्ये आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि चार्ज माझ्याकडे आला. हिशेबाचा मला गंध नाही, पी.टी.सी.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या कोर्सला, हे कुणी शिकवलं नव्हतं. जूनपासून खडू, फिनेल, नळाची तोटी, प्रिंटरची शाई असं सगळं पदरमोड करून आणते आहे, सहा-सात हजार तरी गेले असतील. घरी त्यावरून बोलणी खाते ती वेगळीच. आता फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कळलं की शाळेच्या वर्षभराच्या खर्चासाठी मिळणाऱ्या कॉम्पोझिट ग्रांटची २५,००० ची लिमिट पडली आहे, शिवाय लायब्ररीचे ५,००० आणि खेळाचे ५,०००. सगळं ३१ मार्चच्या आत खर्च करायचं. मांडवीकडचा आमचा नेहमीचा दुकानदार म्हणतो, "बेन, बिल मार्चचं घ्या, माल मी जूनमध्ये टाकतो." एक सहकारी म्हणतात, पटावर सात नावं वाढवा, १०१ झाले की ग्रांट दुप्पट. डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, पंखे ११ आहेत, वर्गांत मोजले तर ७. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष ताई पोळ्यांची कामं करतात. "बाई, तुम्ही म्हणाल तिथे सही" एवढंच त्या म्हणतात. मी सुरुवात कुठून करू?

एक मुख्य शिक्षिका, वडोदरा

उत्तर:

ताई,

आधी दुकानदाराचं, कारण तो उद्या पुन्हा विचारेल. त्याला नाही म्हणा. माणूस वाईट नाही. मार्चमध्ये प्रत्येक शाळा त्याच्या दारात उभी असते आणि तो सगळ्यांचीच सोय बघतो. पण त्या सोयीत त्याची सही कुठेच नसते, तुमची तीन ठिकाणी असते: बिलाच्या मागे "माल मिळाला" म्हणून, स्टॉक रजिस्टरात आणि पेमेंटच्या कागदावर. लोकल फंडाच्या, म्हणजे स्थानिक संस्थांच्या हिशेबांच्या, ऑडिटमध्ये माझी नोकरी झाली, म्हणून सांगतो, हे पकडायला हुशारी लागत नाही. फिनेलच्या कॅनवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो, शाईच्या कार्ट्रिजवरही असतो. मार्चचं बिल आणि मेमध्ये बनलेला कॅन शेजारी ठेवला की बोलायला काही उरत नाही. जूनपर्यंत तुमची बदली झाली तर माल कुणाला मागायचा, हा प्रश्न त्याहून वाईट.

शाळेच्या हिशेबात ऑडिटरची नजर रकमेआधी तारखांवर जाते. समितीचा ठराव, मग भावपत्रकं, मग ऑर्डर, मग माल आणि बिल, मग रजिस्टरात नोंद, शेवटी पेमेंट. तारखा अशा ओळीने आल्या की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. पैसा उशिरा येणं तुमच्या हातात नाही. ठरावाची तारीख मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. माझ्या मते सगळं आर्थिक नियोजन या एका गोष्टीपाशी येतं: ग्रांट यायच्या आधी यादी ठरलेली आणि ठरावबुकात उतरलेली असली पाहिजे. यादी तयार असेल तर सहा आठवडे पुरेसे आहेत. नसेल तर सहा महिनेही खुर्च्या आणि रंगरंगोटीतच जातात.

पैसा उशिरा का येतो तेही थोडं समजून घ्या, म्हणजे चिडचिड कमी होईल. समग्र शिक्षा योजनेत गुजरातसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. दोन्ही वाटे राज्यामार्फतच खाली येतात आणि पुढचा हप्ता सुटायला आधीच्या खर्चाचा हिशेब वर जावा लागतो. २०२१ पासून शाळेच्या खात्यात रक्कम येऊन पडत नाही. खातं शून्य शिलकीचं असतं आणि त्यावर खर्चाची मर्यादा दिलेली असते, तीच तुमची "लिमिट". त्यामुळे पूर्वीसारखं "काढून ठेवू, मग बघू" हा मार्गच उरलेला नाही. वापरली नाही ती लिमिट वर्षअखेरीला जाते. म्हणूनच आगाऊ बिलाचा मोह आता वाढला आहे.

आता या वर्षीचे २५,०००. कॉम्पोझिट ग्रांट कशासाठी, हे केंद्राच्या आराखड्यात बऱ्यापैकी मोकळेपणाने लिहिलं आहे: बंद पडलेली साधनं बदलणं, रोजच्या वापराच्या वस्तू, शैक्षणिक साहित्य, वीज, पाणी, इंटरनेट, इमारतीची आणि शौचालयांची देखभाल. निदान दहा टक्के, म्हणजे तुमच्याकडे २,५००, स्वच्छतेवर जायलाच हवेत. ९४ मुलांत भागले तर वर्षाला एका मुलामागे २६६ रुपये पडतात. एवढ्यात सगळी शाळा बदलत नाही, पण दोन-तीन गोष्टी नीट होतात.

माझ्या हातात असतं तर मी आधी मुलींच्या शौचालयात जाऊन उभा राहिलो असतो. कडी लागते का, पाणी येतं का, बादली आहे का. त्यावर आणि टाकीच्या सफाईवर आठ हजार. बंद पंखे, ट्यूबलाइट आणि उघडे स्विचबोर्ड यांवर सहा. खडू, कागद, शाई, फिनेल यांवर पाच, तेही जून-जुलैला पुरेल इतकंच, गोदाम भरायचं नाही. पहिली-दुसरीच्या वाचन-गणिताच्या साहित्यावर चार. उरलेले दोन हजार मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मोकळे ठेवले असते, कारण काम करायला घेतलं की भिंतीतून काहीतरी निघतंच. हे आकडे तुमच्या शाळेला जसेच्या तसे लागू करू नका, फक्त क्रम बघा. मुलांच्या अंगाला लागणारं आधी, पाहुण्यांना दिसणारं शेवटी. प्रवेशद्वाराच्या कमानीवर सुविचार रंगवून घ्यायचा आग्रह कुणीतरी धरेलच, तो यंदा ऐकू नका.

प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन पक्कं बिल देत नाहीत, ही तुमची पुढची अडचण असेल. त्यांच्याकडून साधी पावती घ्या: नाव, मोबाइल नंबर, काय काम केलं, किती दिवस, मजुरी किती, सामान किती, सही. सामान दुकानातून शाळेच्या नावाने पक्क्या बिलावर घ्या, मजुरी वेगळी लावा, आणि पैसे त्याच्या बँक खात्यातच जाऊ द्या. किती रकमेपर्यंत भावपत्रकाशिवाय खरेदी चालते, याची मर्यादा परिपत्रकांनी बदलत असते. चालू वर्षाच्या परिपत्रकाची प्रत सी.आर.सी. (शाळांच्या गटाचं केंद्र) को-ऑर्डिनेटरकडून घ्या आणि फायलीच्या पहिल्या पानाला लावा. "मागच्या वर्षी चालायचं" हे ऑडिटमध्ये उत्तर होत नाही. आणि मर्यादेखाली राहावं म्हणून एकाच खरेदीची तीन बिलं पाडू नका. तुकडे लगेच दिसतात.

लायब्ररीच्या पाच हजारांत पुस्तकं मराठी आहेत ना, एवढं बघा. आपल्या शहरात मराठी शाळेच्या कपाटात गुजराती आणि हिंदी पुस्तकांचीच गर्दी असते. यादी वरून आली असेल तर त्यातली मराठी शीर्षकं निवडून मागा. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तकं स्वस्त असतात आणि पहिली-दुसरीला वाचता येतील अशीही मिळतात. खेळाच्या पाच हजारांबद्दल फार काही नाही. कॅरम बोर्डांऐवजी दोऱ्या, चेंडू, रिंगा घ्या, म्हणजे एका वेळी सगळा वर्ग खेळेल.

खर्च करूनही हजार-दोन हजार उरले तर? जाऊ द्या. "कमी खर्च केला तर पुढच्या वर्षी कमी मिळेल" ही शिक्षकांच्या खोलीतली जुनी भीती आहे. कॉम्पोझिट ग्रांटची तुमची रक्कम पटाच्या टप्प्यावर ठरते, तुम्ही किती उडवलेत यावर नाही. सबंध राज्याचा खर्च कमी दिसला तर पुढचा हप्ता रेंगाळतो हे खरं आहे, पण ते ओझं एका शाळेने खोट्या बिलाने वाहायचं नसतं. उपयोगिता प्रमाणपत्रात खरी रक्कम लिहा, तारखेला द्या.

आता ती सात नावं. तुमच्या सहकाऱ्यांनी टप्पा बरोबर सांगितला. पट ३१ ते १०० असेल तर २५,०००, त्याच्या वर २५० पर्यंत ५०,०००. पण हिशेब अर्धाच केला. यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, २०२२-२३ पासून शाळेची नुसती बेरीज जात नाही, एकेका मुलाची नोंद जाते. सात नावं म्हणजे सात मुलं, सात आई-बाप, सात जन्मतारखा. ते नाव एकदा पटावर चढलं की ते फक्त ग्रांटमध्ये राहत नाही. रोजच्या हजेरीत येतं, पाठ्यपुस्तकांच्या मागणीत येतं, परीक्षेत येतं आणि पीएम पोषणच्या, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या, ताटांतही येतं. प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्याचा हिशेब असतो. सात नावांचे रोज सातशे ग्रॅम तुम्ही कुणाच्या ताटात दाखवणार? पंचवीस हजारांसाठी वर्षभर रोज एक खोटं लिहायचं आणि ते वर्गशिक्षिकेकडून लिहून घ्यायचं! माझा सल्ला यात दोन बाजूंचा नाही.

खरी सात मुलं आणता येतील का, हा प्रश्न मात्र चांगला आहे. ग्रांटसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. जूनमधल्या प्रवेशोत्सवाआधी एप्रिल-मेमध्ये वाडी, दांडिया बाजार, रावपुरा या पट्ट्यात मराठी बोलणारी किती घरं पाच-सहा वर्षांच्या मुलांना कुठे घालतात, ते समितीच्या आयांना विचारा. भांडी, पोळ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना ही माहिती असते, आपल्या साहित्य-नाट्य मंडळांना नसते. मराठी शाळेत गेलं तर गुजराती कच्चं राहील ही भीती त्या घरांत असते. तुमच्या शाळेत गुजराती कधीपासून आणि कसं शिकवतात, हे समोर बसून सांगा. पाच मुलं आली तरी चांगलं, टप्पा ओलांडला नाही तरी चांगलं.

पदरमोड. घरचे रागावतात ते बरोबरच आहे, पण मला वेगळ्या कारणासाठी ती थांबायला हवी आहे. तुम्ही खिशातून सात हजार घातलेत ते कुठल्याच कागदावर नाहीत. म्हणजे कागदावर तुमची शाळा जून ते जानेवारी बिनखडूची, बिनफिनेलची छान चालली. पुढच्या वर्षीची मागणी करताना तुमच्याकडे दाखवायला काय आहे? तेव्हा येत्या एप्रिलपासून एक वही घाला, किरकोळ खर्चाची. तारीख, वस्तू, रक्कम, कुणी दिले. महिन्याच्या शेवटी समितीच्या बैठकीत ती वाचा. शिवाय समितीचा ठराव करून आणि को-ऑर्डिनेटरना लेखी विचारून, फक्त रोजच्या वापराच्या वस्तूंसाठी एका दुकानात शाळेच्या नावाने खातं ठेवा. बिल शाळेच्या नावाने, त्याच आर्थिक वर्षातलं, आणि लिमिट पडली की थेट दुकानदाराला. तुम्ही मध्ये नसाल. गेल्या आठ महिन्यांच्या सात हजारांबद्दल खरं सांगायचं तर त्यातल्या शाळेच्या नावावर असलेल्या पक्क्या बिलांचीच बोलणी करता येतील. नुसत्या आठवणीवर आता बिलं बनवू नका. ते पैसे गेले असं धरा.

एखाद्या गृहस्थाला शाळेला मदत करायची असेल तर रोख घेऊ नका. सरकारी शाळांना वस्तू आणि वेळ देण्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने विद्यांजली पोर्टल सुरू केलं आहे. शाळेने आपली गरज तिथे नोंदवायची, देणाऱ्याने वस्तू द्यायची, आपण रजिस्टरात चढवायची. पंख्यावर आजोबांचं नाव लिहायचं असेल तर लिहू द्या, आपलं काही जात नाही.

पुढच्या वर्षासाठी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ मध्ये शाळा विकास आराखडा सांगितला आहे आणि पुढच्या अनुदानाचा आधार तोच असेल असंही त्याच कलमात आहे. केंद्राच्या नमुना नियमांत तो तीन वर्षांचा आहे, वर्षवार तीन भागांत. बहुतेक शाळांत तो शेजारच्या शाळेचा उतरवलेला असतो, मुलांची संख्या तेवढी बदललेली. तुमचा खरा करा. आपल्या सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं तेही एका दमात नाही. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग केला आणि सबंध राज्याला लागू केलं ते १९०६ मध्ये. एवढ्या धनाढ्य संस्थानाने तेरा वर्षं घेतली, तर तुमच्या पंचवीस हजारांनी तीन वर्षं घ्यायला हरकत नाही. पहिल्या वर्षी पाणी आणि शौचालय, दुसऱ्या वर्षी वीज आणि पहिली-दुसरीचा वर्ग, तिसऱ्या वर्षी काय ते शाळा बघून. मोठं काम, म्हणजे गळकं छत, तडा गेलेली भिंत, कुंपण, या ग्रांटमध्ये बसवायचा प्रयत्नच करू नका. त्याचं फोटोंसह वेगळं पत्र नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या कार्यालयात द्या, आवक नंबर घ्या आणि दर तीन महिन्यांनी त्या नंबरचा हवाला देऊन आठवण द्या. यादी दिवाळीच्या सुट्टीआधी तयार करा, आराखडा डिसेंबरअखेर वर पाठवा. मग ग्रांट फेब्रुवारीत येवो की मार्चमध्ये, तुम्ही फक्त यादीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवायचं.

पंखे. चार पंख्यांचा फरक कुणी नेले म्हणून असेलच असं नाही. जळालेले पंखे उतरवून कुणीतरी माळ्यावर टाकतं, कुठे दुसऱ्या शाळेला दिलेले असतात, आणि रजिस्टरात वजा करायचं राहून जातं. दोन शिक्षकांना बरोबर घेऊन सगळ्या डेडस्टॉकची प्रत्यक्ष मोजणी करा. रजिस्टरप्रमाणे, प्रत्यक्षात, फरक, असे तीन रकाने. माळा, जिन्याखालची खोली, बंद वर्ग सगळं बघा. त्या कागदावर तिघांच्या सह्या, तारीख, आणि प्रत वर. आधीच्या बाईंना फोन करून जरूर विचारा, पण आरोपाच्या सुरात नको, त्यांना बहुतेक आठवत असेल. रजिस्टरात ११ खोडून ७ मात्र करू नका. खाडाखोड केली की आधीचा फरकही तुमच्याच नावावर येतो. मोडक्या वस्तू रद्द करायची रीतसर पद्धत आहे, मंजुरी आली की तेव्हा वजा होतील. हे जूनमध्ये चार्ज घेतानाच व्हायला हवं होतं, पण आता फेब्रुवारीतही उशीर झालेला नाही. एप्रिलमध्ये मात्र उशीर होईल.

आणि त्या अध्यक्ष ताई. कायद्याने समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. ही रचना सह्या गोळा करायला केलेली नाही. "तुम्ही म्हणाल तिथे सही" हे त्या विश्वासाने म्हणतात, पण उद्या चौकशी झाली तर त्या कागदावर त्यांचंही नाव आहे आणि त्यांना त्यातलं काही माहीत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर त्यांची सही कधीही घेऊ नका, त्यांनी स्वतःहून पुढे केली तरी. बैठक त्यांच्या कामाच्या वेळेत ठेवलीत तर त्यांची दोन घरं बुडतात. दुपारी तीननंतर ठेवा. ठराव कार्यालयासाठी गुजरातीत लिहावा लागेल तर लिहा, पण सहीआधी मराठीत मोठ्याने वाचून दाखवा आणि रक्कम दोनदा सांगा. महिन्याच्या सामानाचा हिशेब त्या रोज करतात. नळाची तोटी किती रुपयांना मिळते आणि भावपत्रकात ती किती लावली आहे, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. भावपत्रकं त्यांच्यासमोरच उघडा, आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारायला लावा.